यादीत म्युकरचं नाव नव्हतं: मामांचं पोसाकोनाझोल, 2021

मे 2021, रात्री साडेअकरा. कोविडनंतर मामांना म्युकर, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणतात तो आजार, झाला होता आणि त्याच्यावरचं ॲम्फो, म्हणजे ॲम्फोटेरिसिनचं इंजेक्शन, मिळत नव्हतं. मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, व्होरिकोनाझोल 200 च्या दोन स्ट्रिपा, आणि खाली लिहिलं, "ॲम्फो कुठेच नाही, ओळखीतून हे मिळालंय, आत्ता चालू करतो, फंगसचंच औषध आहे ना?" मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो, बी.फार्म. होऊन चौदा वर्षं झाली, पण इतक्या घाईने कुणाला फोन लावल्याचं मला आठवत नाही. पहिलं वाक्य एवढंच बोललो, "दादा, ती गोळी मामांना देऊ नको, हे औषध त्या बुरशीवर चालत नाही."

ही सगळी केस सविस्तर लिहितोय कारण तेव्हापासून दोन वेगवेगळे प्रश्न मला सतत विचारले जातात आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. एक म्हणजे अँटिफंगल म्हणजे अँटिफंगल, मग हे काय आणि ते काय. आणि दुसरा, औषधाच्या मंजूर उपयोगांत आपला आजार नाही मग डॉक्टरांनी दिलंच कसं. मामांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न सहा महिन्यांत समोर आले आणि दोन्हींची उत्तरं अगदी उलट निघाली.

मामा 61 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, थोडी ज्वारीची शेती. शुगर अकरा वर्षांपासून, सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, बीपीला ॲम्लोडिपिन, रात्री कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन 10. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोविड झाला, चार दिवस ताप, खोकला, पण सॅच्युरेशन एकदाही 95 च्या खाली गेलं नाही. तरी कुणीतरी लिहून दिलेलं मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 16 एमजी दिवसातून दोनदा असं बारा दिवस चालू राहिलं. 2020 च्या जूनमध्येच इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलमधून कळलं होतं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड 6 एमजी ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागतो त्यांचा जीव वाचवतं आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. पण त्या एप्रिलमध्ये गावोगाव काय चाललं होतं ते सगळ्यांना माहितीये, बेड नाही, ऑक्सिजन नाही, लोक घाबरलेले, डॉक्टरपण घाबरलेले, एकाचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्याच्या मोबाईलवर फिरत होतं. मला राग स्टिरॉइडचा नाही तेवढा शुगरचा येतो, त्या बारा दिवसांत घरात ग्लुकोमीटर असून एकदाही शुगर बघितली गेली नाही. तेराव्या दिवशी बघितली तर 412.

मग दाढी करताना मामांना डावा गाल बधिर लागला. घरच्यांना वाटलं कोविडचा अशक्तपणा. दोन दिवसांनी वरची दाढ हलायला लागली, नाकातून काळपट पाणी, डोळ्याखाली सूज. इथे मामींचं कौतुक करायला पाहिजे, त्या म्हणाल्या, "अहो, अशक्तपणाने दाढ हलत नाही," आणि त्यांनी सरळ तालुक्याच्या डेंटिस्टकडे नेलं. त्या डेंटिस्टने टाळूवरचा काळा डाग बघितला आणि दाढ काढायच्या भानगडीत न पडता म्हणाला की आजच सोलापूरला न्या, उद्या नाही. माझ्या मते मामांचा डोळा त्या माणसाने वाचवला.

सोलापूरला ईएनटीच्या मॅडमनी दुर्बिणीने नाकातून तुकडा घेतला, केओएच (बुरशी उठून दिसावी म्हणून टाकायचं रसायन) टाकून स्लाइड बघितली, त्याच संध्याकाळी रिपोर्ट, रुंद, पडदे नसलेले, साधारण काटकोनात फुटलेले धागे. म्युकर. एमआरआयमध्ये डाव्या गालाचं सायनस आणि नाकामागचं सायनस भरलेलं, डोळ्याच्या खोबणीची भिंत जेमतेम शाबूत, मेंदू स्वच्छ. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. आणि औषध नव्हतं. लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनची (चरबीच्या बारीक कणांत बसवलेलं ॲम्फो) वाटप तेव्हा जिल्हा प्रशासनाच्या हातात होती, हॉस्पिटलने पेशंटचे कागद पाठवायचे आणि किती व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, येतात त्याची वाट बघायची. दादाने त्या संध्याकाळी सोलापूर, पंढरपूर, सांगली, विजापूर सगळीकडे फोन केले आणि कुणीतरी मदत म्हणून त्याच्या हातात व्होरिकोनाझोल ठेवलं.

आता हे का चाललं नसतं ते सांगतो. व्होरिकोनाझोल वाईट औषध नाही, 2002 साली अमेरिकेत ते मंजूर झालं आणि ॲस्परजिलस नावाच्या बुरशीच्या गंभीर आजारात कितीतरी वर्षं तेच पहिल्या नंबरचं औषध राहिलंय. ही अझोल गटातली औषधं बुरशीचं एक एन्झाइम बंद करतात, ज्याच्यावर तिच्या पेशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य तयार होतं. पण म्युकर गटातल्या बुरशींमध्ये त्या एन्झाइमची घडण मुळातच थोडी वेगळी असते, फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोलसारखे आटोपशीर रेणू तिथे पकडच घेत नाहीत. त्याच गटातल्या पोसाकोनाझोलच्या रेणूला एक लांबलचक शेपटी आहे, ती जास्त जागी धरते म्हणून ते चालतं. उलट असंही बघितलं गेलंय की बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटला व्होरिकोनाझोल चालू असतानाच म्युकर झाला. म्हणजे व्होरिकोनाझोलच्या मंजूर उपयोगांच्या यादीत म्युकर नाही ते कुणी लिहायचं विसरलं म्हणून नव्हे, तर ते औषध म्युकरवर कामच करत नाही म्हणून. त्या रात्री दादाने ती गोळी दिली असती तर उपचार चालू झाले असं सगळ्यांना वाटलं असतं आणि बुरशी मात्र रक्तवाहिन्यांमधून पुढे सरकत राहिली असती. म्युकर रक्तवाहिनीत घुसतो, ती गुठळीने बंद पडते, पुढचा भाग रक्तावाचून मरतो आणि काळा पडतो. काळं दिसतं ते मेलेलं मांस, बुरशीचा रंग काळा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा व्हायल आल्या. 60 किलोचा माणूस, किलोला 5 एमजी, म्हणजे 300 एमजी, 50 च्या सहा व्हायल रोज. म्हणजे आलं ते एका दिवसाचं. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा काही भाग काढला, डोळा राहिला. त्यापुढचे एकोणीस दिवस रोज सकाळी दादाचं एकच काम, आज किती आल्या. दोन दिवस चारच आल्या, एक दिवस एकही नाही. वर्ध्याच्या कंपनीने ॲम्फोटेरिसिन बनवायला सुरुवात केली ही बातमी मामींनी वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवली होती. जूनमध्ये जीएसटी कौन्सिलने त्याच्यावरचा टॅक्स शून्य केला. जुलैपर्यंत देशात म्युकरचे 45 हजारांच्या वर पेशंट नोंदले गेले आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. ज्या आजाराचे पेशंट मी फार्मसीत वर्षाला एक-दोन बघायचो त्याचे एका जिल्ह्यात वॉर्ड भरले होते.

ॲम्फो किडनीला त्रास देतं, लिपोसोमल कमी देतं पण देतं. मामांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढणारा रक्तातला आकडा) 0.9 वरून 1.9 वर गेलं, पोटॅशियम 2.8 वर उतरलं, सलाइनमधून पोटॅशियम चढवावं लागलं. (नर्सिंगच्या मुलामुलींना एक सांगतो, हे औषध 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच चढवायचं, साध्या सलाइनमध्ये नाही, आणि लाइनपण आधी डेक्स्ट्रोजनेच धुवायची, त्या गर्दीत मी स्वतः हे दोन वॉर्डांत फोनवर समजावलंय.) एकोणिसाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आता स्टेप-डाउन करू, म्हणजे इंजेक्शनवरून पोटात द्यायच्या औषधावर येऊ, पोसाकोनाझोल चालू करते.

पोसाकोनाझोल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही आणि अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी 2006 ला मिळाली ती कशासाठी, तर आजार होऊ नये म्हणून. ज्यांची प्रतिकारशक्ती पार गेलेली आहे, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार) झालेले, किंवा रक्ताच्या कॅन्सरच्या केमोने पांढऱ्या पेशी बरेच दिवस खाली गेलेले, अशांना ॲस्परजिलस आणि कँडिडा (आणखी एक बुरशी) गंभीर स्वरूपात होऊ नये यासाठी. त्याच वर्षी पातळ औषधाला तोंडाच्या आणि घशाच्या कँडिडासाठी मंजुरी मिळाली. 2013 ला गोळी आली, 2014 ला इंजेक्शन. आणि ॲस्परजिलस झाल्यावर उपचार म्हणून मंजुरी मिळाली ती 2021 च्या मध्यावर, मामा हॉस्पिटलमध्ये होते साधारण तेव्हाच, त्यामागे व्होरिकोनाझोलशी तुलना करणारी ट्रायल होती, 42 दिवसांत पोसावाल्यांत 15 टक्के मृत्यू आणि व्होरीवाल्यांत 21 टक्के. युरोपची यादी थोडी लांब आहे, तिथे इतर औषधांना दाद न देणारा ॲस्परजिलस, फ्युजेरियम, कॉक्सिडिओइडोमायकोसिस, मायसेटोमा वगैरे बुरशीचे आजार आहेत. पण म्युकर? अमेरिकेच्या यादीत नाही, युरोपच्या यादीत नाही.

घरी आल्यावर दीड महिन्याने विमावाल्यांकडून हेच सांगणारं पत्र आलं. दादाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती, त्यात डिस्चार्जनंतरची 60 दिवसांची औषधं बसतात, आणि पोसाच्या तीन गोळ्या रोज म्हणजे आमच्या भागात दिवसाला दीड हजाराच्या आसपास जात होते. क्लेम बघणाऱ्यांनी एका ओळीत लिहिलं की सदर औषध सदर आजारासाठी मंजूर नाही. दादाने मला फोन केला आणि त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, शंका होती, आणि ती जास्त लागली मला. म्हणाला, "त्या रात्री तू म्हणालास व्होरी या आजाराचं नाही म्हणून देऊ नको. आता हे म्हणतायत पोसापण या आजाराचं नाही. मग आपण पप्पांना काय देतोय?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी त्याला उत्तर द्यायला एक अख्खी संध्याकाळ घेतली, कागद पसरून.

मंजूर उपयोगांची यादी म्हणजे कंपनीने कुठल्या आजारात, कुठल्या पेशंटमध्ये, कुठल्या स्वरूपाचं औषध देऊन पुरावा सादर केला आणि सरकारी यंत्रणेने तो तपासून मान्य केला त्याची यादी. ट्रायल करायला पेशंट लागतात आणि म्युकर 2021 च्या आधी जगात दुर्मिळ होता. किती दुर्मिळ, तर इसाव्युकोनाझोल नावाचं जे औषध अमेरिकेत 2015 ला म्युकरसाठी खरंच मंजूर झालं त्यामागच्या अभ्यासात म्युकरचे पेशंट होते फक्त 37. त्यातले 21 जण असे की ज्यांना पहिलं औषध म्हणून तेच दिलं, त्यातले 42 दिवसांत 33 टक्के गेले, आणि तुलनेला घेतलेल्या ॲम्फोच्या जुन्या 33 पेशंटमध्ये 39 टक्के. एवढ्यावर मंजुरी मिळाली, कारण यापेक्षा जास्त पेशंट गोळा होणं अवघड होतं. युरोपने त्याच औषधाला मंजुरी देताना अट घातली, ज्यांना ॲम्फो देणं योग्य नाही त्यांच्यासाठी. एकच औषध, एकच अभ्यास आणि दोन खंडांत दोन वेगळी वाक्यं. पोसासाठी अशी मंजुरीची वाट कुणी चाललं नाही पण पुरावा होता, 2006 मध्येच 91 पेशंटचा अनुभव छापून आला होता, इतर उपचार न चाललेले किंवा न सोसलेले पेशंट, त्यातले 60 टक्के सुधारले. ट्रायल नाही ती, मागे वळून गोळा केलेली माहिती आहे, आणि मी दादाला तसंच सांगितलं, वाढवून नाही. 2019 ला म्युकरच्या उपचारांची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात लवकर ऑपरेशन आणि भरपूर डोसमध्ये लिपोसोमल ॲम्फो यांच्यावर सगळ्यात जास्त जोर आहे, आणि इसाव्युकोनाझोल व पोसाकोनाझोलची गोळी किंवा इंजेक्शन यांचीही शिफारस आहे, जोर थोडा कमी.

इसाव्यु का नाही दिलं असं विचाराल तर ते आम्हाला त्या महिन्यात मिळालंच नाही.

आणि यातली खरी गंमत वाटावी अशी पण गंभीर गोष्ट मला त्या संध्याकाळीच नीट दिसली. मी लिपोसोमल ॲम्फोचा अमेरिकन कागद काढला. जुन्या साध्या ॲम्फोटेरिसिनच्या यादीत म्युकर आणि रायझोपस (म्युकर गटातलीच बुरशी) नावानिशी आहेत. लिपोसोमलच्या यादीत ॲस्परजिलस आहे, कँडिडा आहे, क्रिप्टोकॉकस आहे, काळा आजार आहे, पांढऱ्या पेशी कमी असताना येणारा ताप आहे. म्युकर नाही! म्हणजे ज्या व्हायलसाठी कलेक्टर ऑफिसबाहेर रांगा लागल्या, जिच्यावरचा टॅक्स सरकारने माफ केला, जिचे पैसे क्लेमवाल्यांनी एक अक्षर न विचारता दिले, ते औषधही त्याच मापाने मोजलं तर या आजारासाठी मंजूर नव्हतं. दादा दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला हे पत्रात लिही.

लिहिलं. मॅडमनी त्यांच्या लेटरहेडवर मांडलं, बायोप्सीचा रिपोर्ट, क्रिएटिनिनचा चढता आलेख, ॲम्फो पुढे का देता आलं नाही, 2019 ची तत्त्वं, आणि शेवटी हा लिपोसोमलचा मुद्दा. एक पत्र गेलं, उत्तर आलं की विचाराधीन, दुसरं गेलं.

पण या सगळ्यात एक चूक घरातच चालली होती आणि ती मला उशिरा कळली. नाकातून नळी होती तोपर्यंत मामांना पोसाचं पातळ औषध चालू होतं, 5 एमएल म्हणजे 200 एमजी, दिवसातून चार वेळा, आणि फीडमध्ये तेल-तूप वाढवून, कारण ते औषध स्निग्ध जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं. नळी निघाल्यावर गोळी चालू झाली, पहिल्या दिवशी तीन-तीन दोनदा आणि मग रोज एकदा तीन, म्हणजे 300 एमजी. मामी घाबरल्या, आठशेवरून तीनशे, डॉक्टरांनी डोस अर्ध्याहून कमी केला की काय. तसं नाही, गोळी आतड्यात जाऊन विरघळेल अशी बनवलेली असते, तिचं शोषण बरंच चांगलं आणि भरवशाचं आहे, म्हणून पातळ औषध आणि गोळी यांचे एमजी एकास एक बदलता येत नाहीत. हे मी समजावलं आणि वाटलं झालं काम. पण मामांच्या टाळूला भोक, गिळताना त्रास, तेव्हा मामी प्रेमाने काय करायच्या तर तिन्ही गोळ्या खलबत्त्यात कुटून दुधातून द्यायच्या. त्या गोळीची सगळी कारागिरी तिच्या घडणीत आहे, कुटली की ती गेली. दहाव्या दिवशी रक्तातली लेव्हल मुंबईला पाठवली, आली 0.6, आणि उपचारासाठी ती 1 च्या वर पाहिजे. मॅडमनी फोनवर विचारलं गोळी कशी घेताय, तेव्हा खलबत्ता बाहेर आला. मामींना इतकं वाईट वाटलं की त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, आणि मला माझाच राग आला कारण "अख्खी गिळायची, तोडायची-कुटायची नाही" हे वाक्य मी दिवसातून दहा पेशंटला सांगतो आणि घरी सांगायचं राहिलं. डेंटिस्टकडून टाळूला तात्पुरती प्लेट बसवली, मऊ भाताच्या घासाबरोबर एकेक गोळी अख्खी. पुढची लेव्हल 1.8.

ॲटोरव्हास्टॅटिन मॅडमनी पहिल्याच दिवशी बंद केलं होतं, पोसा लिव्हरमधलं ते औषध मोडणारं एन्झाइम अडवतं आणि स्टॅटिन रक्तात साठत जातं, स्नायू विरघळण्यापर्यंत पाळी येऊ शकते, म्हणून लेबलवर ते एकत्र द्यायचं नाही असं स्पष्ट आहे. ॲम्लोडिपिन मात्र चालूच होतं, त्याचंही तेच होतं थोड्या प्रमाणात, मामांच्या पायाला सूज यायला लागली तेव्हा ते बदललं. शुगर पूर्ण इन्सुलिनवर, दिवसातून चार वेळा वहीत लिहून, ती वही गुरुजींच्या अक्षरात आहे आणि एकही रकाना रिकामा नाही. जो कुणी हे वाचून आपल्या घरच्या पेशंटचा डोस ठरवायला जाईल त्याला हात जोडून सांगतो, नका करू, हे आकडे मामांचे आहेत.

क्लेमवाल्यांचं दुसऱ्या पत्राला उत्तर सप्टेंबरात आलं, 60 दिवसांची पोसाची बिलं मंजूर. त्यापुढचे जवळजवळ चार महिने आमच्या खिशातून गेले, दादाने एक म्हैस आणि थोडं सोनं काढलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या एमआरआयमध्ये सायनस रिकामं, हाडाची कड स्वच्छ, मॅडमनी गोळ्या थांबवल्या. पक्की प्लेट डिसेंबरात बसली. ती बसेपर्यंत मामांचं बोलणं नाकात जायचं, फोनवर निम्मं कळायचं नाही, म्हणून ते मेसेज करायचे. प्लेट बसवून आले त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन लावला आणि म्हणाले, "अरे, आता ऐकू येतंय का नीट?" आणि मग शाळेत हजेरी घ्यायचे तशी, अक्षर न अक्षर सुटं करून, त्यांनी मला औषधाच्या डब्यातल्या कागदावरची नावं वाचून दाखवली, ॲस्परजिलस, कँडिडा, आणि विचारलं की हे बरोबर म्हणतोय ना.